जॉब संपला, पण काम झालं का? मेनफ्रेम बॅचमध्ये स्टेटस व्हेरिएबल कसं लावायचं

मेनफ्रेमच्या (बँकांसारख्या ठिकाणचे मोठे कॉम्प्युटर) बॅच सपोर्टला, म्हणजे रात्री एकामागून एक आपोआप चालणारे जॉब सांभाळायला, नवीन लागलात, पहिल्याच आठवड्यात कुणीतरी म्हणालं "तो जॉब ह्याच्यावर डिपेंडंट आहे, स्टेटस बघून सोड", आणि तुम्ही नुसती मान हलवली, असं झालं असेल तर हे तुमच्यासाठी लिहितोय. मी सोलापूरचा, पूर्व भागात घर, बरीच वर्षं रात्रपाळीत बॅचचंच काम करतोय, आधी पुण्यात राहून आणि आता घरून. मला हे कुणी बसवून शिकवलं नव्हतं, रात्री फोन वाजत गेले तसतसं कळत गेलं. तुमचं तसं होऊ नये.

आधी एक रात्र सांगतो म्हणजे पुढचं सगळं कशासाठी ते कळेल. एक जॉब दिवसभराचे व्यवहार काढून फाइल बनवायचा, दुसरा ती फाइल घेऊन खात्यांवर पोस्टिंग करायचा. दोघांच्या मध्ये एक स्टेटस व्हेरिएबल, पहिल्याने त्यात 'डन' लिहायचं आणि दुसऱ्याने 'डन' दिसलं की सुरू व्हायचं, एवढंच. त्या रात्री पहिला जॉब उशिरा आला, पण व्हेरिएबलमध्ये कालचा 'डन' तसाच पडून होता, कुणी पुसलाच नव्हता. दुसऱ्या जॉबने तो बघितला, जीडीजीची (एकाच नावाच्या फाइलच्या ओळीने ठेवलेल्या आवृत्त्या) झिरो जनरेशन, म्हणजे सगळ्यात ताजी आवृत्ती, उचलली, ती कालचीच होती कारण आजची अजून बनलीच नव्हती, आणि कालचे सगळे व्यवहार परत एकदा पोस्ट केले. रिटर्न कोड ०. स्क्रीनवर सगळं हिरवं. सकाळी शाखांमधून फोन सुरू झाले तेव्हा कळलं, आणि ते उलटवण्यात आमचे पुढचे दोन दिवस गेले.

माझे वडील यंत्रमागावर होते. वार्पिंगचं (बीमवर तारा गुंडाळायचं) मशीन थांबलं म्हणून कुणी बीम उचलून मागावर चढवत नाही, मशीन काय तार तुटली म्हणूनही थांबतं, लाइट गेली म्हणूनही थांबतं. बीम भरलं, तारा बघितल्या, मग त्याला चिठ्ठी लागते, कुठला रंग, किती तारा, कुठल्या तारखेचं, आणि ती चिठ्ठी बघून जॉबर ते मागावर चढवतो. स्टेटस व्हेरिएबल म्हणजे ती चिठ्ठी. जॉब संपला ही एक गोष्ट, काम झालं ही दुसरी, आणि चिठ्ठी लावायची ती काम झाल्याची.

सुरू करायच्या आधी जवळ काय हवं

- टीएसओचा (मेनफ्रेमवर बसून हाताने कमांड द्यायची जागा) लॉगिन, आणि स्पूल (जॉबचं आउटपुट आणि लॉग) बघायला एसडीएसएफ किंवा तुमच्याकडे जे असेल त्याचा ॲक्सेस
- शेड्युलरचा (कुठला जॉब कधी सोडायचा ते ठरवणारं सॉफ्टवेअर) ॲक्सेस, निदान बघण्यापुरता. कंट्रोल-एम असेल, सीए ७ असेल, आयबीएमचा वर्कलोड शेड्युलर असेल, ज्याला जुनी माणसं अजून ओपीसीच म्हणतात
- प्रोडक्शनच्या जेसीएल (जॉबने काय चालवायचं ते सांगणारी भाषा) आणि प्रोकची (जेसीएलचे परत परत वापरायचे तयार तुकडे) लायब्ररी वाचायची परवानगी (बदलायची मागू नका, सुरुवातीला नसलेलीच बरी)
- जॉब फ्लोचा डायग्राम, आणि तो शेवटचा कधी अपडेट झाला ती तारीख
- क्लायंटचं सुट्ट्यांचं कॅलेंडर
- रनबुक (काय बिघडलं तर काय करायचं ते लिहिलेलं), आणि रात्री कुणाला उठवायचं त्याची यादी
- एक वही. खरंच सांगतो, वही ठेवाच.

सरावासाठी आयबीएम झेड एक्सप्लोअर फुकट आहे, तिथे खऱ्या झेड/ओएसवर (मेनफ्रेमची आजची ऑपरेटिंग सिस्टीम) जेसीएल सबमिट करता येते. घरच्या पीसीवर हर्क्युलिस एम्युलेटर टाकून तिचं जुनं रूप एमव्हीएस ३.८ पण चालवता येतं, फक्त त्यात इफ-देन नाहीये, सगळं कॉंडवर करावं लागतं (जॉबमधली पुढची स्टेप चालवायची की नाही ते सांगायचे हे दोन मार्ग, पुढे येतातच), आणि शिकायला ते वाईट नाही. प्रोडक्शनवर काहीही शिकायला जायचं नाही.

१. साखळी कागदावर काढा

शेड्युलरच्या स्क्रीनवर बाण दिसतात, ते वहीत उतरवा आणि प्रत्येक बाणाला तीन प्रश्न विचारा. हा जॉब मागच्याकडून नेमकं काय घेतो? मागचा उशिरा आला तर हा किती वाजेपर्यंत थांबू शकतो? आणि मागचा आज आलाच नाही तर ह्याने काय करायचं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर फाइल किंवा टेबल असं मिळालं तर ती खरी डिपेंडन्सी. "पूर्वीपासून असंच आहे" असं मिळालं तर वहीत लाल पेनाने खूण करा आणि टीममधल्या सगळ्यात जुन्या माणसाला विचारा, बऱ्याचदा दोन जॉब एकाच वेळी मशीनवर येऊ नयेत म्हणून कुणीतरी कधीतरी ते बांधलेलं असतं. उलटंही असतं, खरी डिपेंडन्सी आहे पण शेड्युलरमध्ये बाणच नाही, दोन्ही जॉबच्या वेळा लांब लांब आहेत म्हणून आजवर निभावलं. हे शोधायचं तर प्रत्येक जॉबच्या डीडी स्टेटमेंटमधली (जेसीएलमधली फाइल सांगणारी ओळ) डेटासेटची (मेनफ्रेमवर फाइलला हेच म्हणतात) नावं काढा आणि कोण लिहितो कोण वाचतो ते जुळवा. कंटाळवाणं काम आहे, पण ह्याच्याइतकं शिकवणारं दुसरं काही मला तरी माहीत नाही.

२. रिटर्न कोड, अबेंड आणि तो उलटा कॉंड

प्रोग्राम संपताना रजिस्टर १५ (प्रोसेसरमधली एक छोटी जागा) मध्ये एक आकडा सोडून जातो, तो रिटर्न कोड. ० म्हणजे ठीक, ४ वॉर्निंग, ८ एरर, १२ आणि १६ म्हणजे मोठी गडबड, अशी रूढी आहे. रूढीच आहे पण, तुमच्या साइटवरचा एखादा कोबोल प्रोग्राम 'आज एकही रेकॉर्ड नाही' हे सांगायला ४ देत असेल आणि शेजारचा प्रोग्राम तोच ४ 'अर्धे रेकॉर्ड रिजेक्ट झाले' म्हणून देत असेल, तेव्हा प्रत्येक महत्त्वाच्या जॉबचा ४ म्हणजे काय ते वहीत लिहून ठेवा. आयईएफबीआर१४ हा काहीच न करणारा प्रोग्राम तुम्हाला जागोजागी दिसेल. सुरुवातीला त्यात एकच इन्स्ट्रक्शन होती, रजिस्टर १४ वर परत जा एवढीच, आणि रजिस्टर १५ पुसायचं राहिलं होतं, त्यामुळे काहीच न करणाऱ्या प्रोग्रामचाही रिटर्न कोड चुकीचा यायचा, मग १५ झिरो करायची दुसरी इन्स्ट्रक्शन घालावी लागली. रिटर्न कोडवर किती विसंबायचं ते ह्यावरून ठरवा.

अबेंड वेगळा. तिथे प्रोग्राम मध्येच पडतो आणि रिटर्न कोड मिळतच नाही. एस०सी७ म्हणजे आकड्याच्या फील्डमध्ये आकडा नसलेलं काहीतरी आलं, एसबी३७ म्हणजे डेटासेटची जागा संपली, एस८०६ म्हणजे प्रोग्राम सापडला नाही, एस२२२ म्हणजे ऑपरेटरने कॅन्सल केला. हे चार ओळखता आले की पहिला महिना निघतो.

आता कॉंड. स्टेपवर कॉंड=(४,एलटी) लिहिलेलं असेल तर ते असं वाचायचं: '४ हा आकडा मागच्या कुठल्याही स्टेपच्या रिटर्न कोडपेक्षा लहान असेल तर ही स्टेप चालवू नको'. म्हणजे मागे ८ आला तर ही स्टेप गळते, ४ आला तर चालते. नवीन माणूस हमखास ते 'चारपेक्षा कमी असेल तर चालव' असं वाचतो आणि सगळं उलटं होतं. अट खरी ठरली की स्टेप गळते, एवढं पाठच करा. शिवाय जी स्टेप चाललीच नाही तिला रिटर्न कोड नसतो आणि कॉंड तिला मोजतच नाही, त्यामुळे मधली तपासणीची स्टेप गळली आणि शेवटची 'डन लिही' वाली स्टेप बिनदिक्कत चालली असं होऊ शकतं, मी बघितलंय. नवीन जेसीएल लिहिताना इफ-देन-एन्डइफ वापरा, त्यात तपासणीच्या स्टेपचं नाव घालून तिचा आरसी (रिटर्न कोड) ० आहे का असं विचारता येतं, आणि ती स्टेप चाललीच नसेल तर उत्तर 'नाही' येतं. आपल्याला हेच हवंय.

३. चिठ्ठी ठेवायची कुठे

तीन जागा असतात.

पहिली, शेड्युलरच्या आत. कंट्रोल-एममध्ये कंडिशन असते, एक जॉब ती आउट म्हणून टाकतो आणि दुसरा इन म्हणून तिची वाट बघतो. आयबीएमच्या शेड्युलरमध्ये स्पेशल रिसोर्स असतो, तो एसआरस्टॅट कमांडने अव्हेलेबल करता येतो. ह्यातलं काही चालणार असेल तर तेच वापरा, माझं स्पष्ट मत आहे. वाट बघणं हे शेड्युलरचं काम आहे, त्याचा लॉग राहतो, आणि रात्री दुसऱ्या माणसाला ते स्क्रीनवर दिसतं.

दुसरी, डीबी२ (मेनफ्रेमवरचा डेटाबेस) मध्ये एक कंट्रोल टेबल. प्रोसेसचं नाव, बिझनेस तारीख, स्टेटस, कधी बदललं, कुठल्या जॉबने बदललं, एवढे कॉलम पुरतात. 'झालं' एवढंच सांगून भागत नाही, किती रेकॉर्ड, कितवी फेरी असंही सांगायचंय, तेव्हा हे बरं पडतं. डेटा आधी कमिट (पक्का साठवायचा), मग स्टेटस. उलटं झालं तर चिठ्ठी लागलेली आणि बीम रिकामं.

तिसरी, एका रेकॉर्डचा छोटा डेटासेट. सोपं वाटतं म्हणून नवीन माणूस हेच निवडतो, आणि इथे एक खड्डा आहे जो लवकर कळत नाही. जॉबच्या शेवटच्या स्टेपमध्ये तुम्ही तो डेटासेट डिस्प=ओल्ड करून लिहिला, बरोबरच आहे, एकट्याने लिहायला ओल्डच लागतो. पण झेड/ओएस डेटासेटचे लॉक स्टेप आल्यावर घेत नाही, जॉब सुरू होतानाच सगळ्या डेटासेटचे लॉक एकदम घेतं आणि तो डेटासेट वापरणारी शेवटची स्टेप संपेपर्यंत धरून बसतं. तुमचा जॉब तीन तास चालणारा असेल तर तीन तास ती चिठ्ठी कुणालाच वाचता येत नाही, वाचणारे जॉब 'वेटिंग फॉर डेटा सेट्स' मध्ये अडकतात, आणि लोक मशीन स्लो आहे म्हणून भलतीकडेच शोधत बसतात. उपाय सोपा, स्टेटस लिहिणारा जॉब वेगळा आणि छोटा करा, मोठा जॉब नीट संपला की शेड्युलरने त्याला सोडायचं.

चौथं पण एक आहे, उल्लेख करून सोडतो. झेड/ओएस २.२ पासून, म्हणजे २०१५ पासून, जेईएस२ (झेड/ओएसचा जॉब घेऊन रांगेत लावणारा भाग) मध्येच जॉबग्रुप लिहून 'हा आधी, तो नंतर' असं सांगता येतं. चार-पाच जॉबच्या गटाला छान आहे, पण कालचं-आजचं हा हिशोब ते ठेवत नाही, त्यामुळे रोजच्या बँकिंग बॅचला एकट्याने पुरत नाही.

४. नाव आणि तारीख

नाव जॉबवरून देऊ नका. 'जॉब १२० संपला' असं व्हेरिएबल केलं आणि पुढच्या वर्षी जॉब १२० चे दोन तुकडे झाले की सगळीकडे शोधत फिरावं लागतं, आणि नावातच 'संपला' असल्यामुळे लोक जॉब संपल्या संपल्या ते लिहून मोकळे होतात. डेटावरून नाव द्या, 'व्यवहार फाइल तयार' असं. मग ज्याला ते लिहायचंय त्याला आपोआप प्रश्न पडतो की तयार आहे का खरंच.

तारीख तर पाहिजेच पाहिजे. बिनतारखेची चिठ्ठी म्हणजे काय होतं ते वर सांगितलंच. आणि ही तारीख मशीनच्या घड्याळाची घेऊ नका, बिझनेस तारीख घ्या. बॅच रात्री दहाला सुरू होऊन पहाटे चारला संपते, साडेबाराला चालणारा जॉब घड्याळाने उद्याचा असतो पण हिशोबाने आजचाच. कंट्रोल-एममध्ये ह्यासाठी ओडेट असते, जॉब कधीही चालो, ती ज्या दिवसाच्या कामाची आहे त्याच दिवसाची राहते. पोस्टिंगच्या आधी छोटी स्टेप टाकून फाइलच्या हेडरमधली (पहिल्या रेकॉर्डमधली) तारीख आणि बिझनेस तारीख जुळते का ते बघा, जीडीजीची झिरो जनरेशन आजचीच असेल असं कधीही धरून चालू नका.

कंट्रोल-एम वापरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा, मेनफ्रेमवरच्या कंडिशनच्या तारखेत महिना आणि दिवस असतो, वर्ष नसतं. मागच्या वर्षीच्या १४ जानेवारीची कंडिशन साफ झाली नसेल तर ह्या वर्षीच्या १४ जानेवारीला ती बरोबर जुळते. जुन्या कंडिशन काढणारी युटिलिटी तुमच्याकडे नियमित चालते का ते पहिल्याच महिन्यात विचारून घ्या.

५. किती अवस्था ठेवायच्या

फक्त 'डन' पुरत नाही. मी पाच ठेवतो: काहीच नाही, चालू, डन, फेल, आणि आज-गरज-नाही. ह्यातली 'काहीच नाही' ही सगळ्यात महत्त्वाची आणि तीच लोक विसरतात. रेकॉर्डच नसणं ह्याला पण अर्थ आहे, म्हणजे जॉब अजून आलाच नाही, आणि अमुक वाजेपर्यंत ही अवस्था राहिली तर कुणाला तरी अलर्ट गेला पाहिजे. फेल झालेला जॉब ओरडतो, न आलेला ओरडत नाही.

एका व्हेरिएबलला लिहिणारा एकच. पाच शाखांच्या फाइली येणार, सगळ्या आल्या की पुढचा जॉब सुटणार, असं असेल तर एक काउंटर ठेवून प्रत्येकाने त्यात एक मिळवायचा असा मोह होतो. करू नका. दोन जॉब एकाच क्षणी ३ वाचतात, दोघेही ४ लिहितात, ५ कधी येतच नाही आणि पुढचा जॉब सकाळपर्यंत बसून राहतो. पाच वेगळ्या चिठ्ठ्या ठेवा आणि पुढच्या जॉबला पाचही मागू द्या.

वाचणाऱ्याने चिठ्ठी फाडायची नाही, हेही आलंच. पुष्कळ ठिकाणी पोस्टिंगचा जॉब आपलं झालं की कंडिशन डिलीट करतो, मग त्याच कंडिशनवर थांबलेला रिपोर्टचा जॉब उपाशी राहतो. तारीख घातलेली असेल तर लगेच डिलीट करायची गरजच नसते, साफसफाई नंतर युटिलिटी करेल.

६. 'डन' कोण लिहिणार आणि कधी

हा ह्या लेखाचा गाभा आहे, तेव्हा जरा सावकाश वाचा.

एकदा वरच्या सिस्टीमकडून फाइल रिकामी आली. फाइल होती, कॅटलॉगमध्ये नाव होतं, आत एकही रेकॉर्ड नव्हतं. सॉर्टने ती घेतली, शून्य रेकॉर्ड सॉर्ट केले, रिटर्न कोड ०. पुढच्याने शून्य रेकॉर्ड पोस्ट केले, रिटर्न कोड ०. एकही प्रोग्राम खोटं बोलला नाही, प्रत्येकाने दिलेलं काम नीट केलं, आणि तरी त्या दिवशीचं काम झालं नव्हतं. म्हणून 'डन' लिहायच्या आधी एक वेगळी तपासणीची स्टेप हवी, जी डेटाकडे बघते. तिने निदान एवढं बघावं:

- फाइल रिकामी तर नाही ना. आयडीकॅम्सच्या (आयबीएमची डेटासेट सांभाळायची युटिलिटी) प्रिंट कमांडला काउंट १ दिला की रिकाम्या फाइलवर तो रिटर्न कोड ४ देतो, किंवा सॉर्टच्या आइसटूलमध्ये काउंट आहे
- हेडरची तारीख आजच्या बिझनेस तारखेची आहे ना
- ट्रेलरमध्ये (शेवटच्या रेकॉर्डमध्ये) लिहिलेली रेकॉर्डची संख्या आणि प्रत्यक्ष मोजलेली संख्या एकच आहे ना
- रकमेची बेरीज ट्रेलरमध्ये असेल तर तीही

ह्या स्टेपचा आरसी ० असेल तरच पुढची स्टेप 'डन' लिहिणार, इफ-देनमध्ये तिचं नाव घालून. रिकामी फाइल चालते असे दिवस खरंच असतात, तेव्हा 'रिकामी पण बरोबर' हे कशावरून ओळखायचं ते वरच्या टीमशी बोलून ठरवा. साधारणपणे हेडर-ट्रेलर असलेली आणि ट्रेलरमध्ये ० लिहिलेली फाइल म्हणजे खरोखर रिकामा दिवस, आणि हेडरसुद्धा नसलेली फाइल म्हणजे ट्रान्सफर तुटलं.

७. वाट बघायची ती बाहेर

कधीकधी कुणी असा जॉब लिहितो जो मशीनवर येऊन बसतो, दर दोन मिनिटांनी स्टेटस वाचतो, डन नसेल तर परत झोपतो. असे चार-पाच जॉब झाले आणि त्या क्लासचे (जॉबच्या गटाचे) सगळे इनिशिएटर (जॉब चालवायच्या ठराविक जागा) त्यांनीच अडवले, तर ज्याने 'डन' लिहायचं तोच जॉब आत येऊ शकत नाही. सगळे एकमेकांची वाट बघत बसतात आणि मशीन मोकळं. त्यातला एखादा फार वेळ झोपला तर एस५२२ ने पडतो तो वेगळाच. शेड्युलरमध्ये थांबलेला जॉब इनिशिएटर खात नाही, तिथेच थांबवा.

८. बिघडलं की काय

जॉब अबेंड झाला तर 'चालू' हे 'फेल' झालं पाहिजे. त्यासाठी शेवटी इफ अबेंड देन करून एक स्टेप टाकतात, ती फेल लिहिते. टाका, पण तिच्यावर सगळा भरवसा ठेवू नका. ऑपरेटरने कॅन्सल केला, जेसीएल एरर आली, मशीनच बसलं, अशा वेळी ती स्टेप चालेलच असं नाही, आणि व्हेरिएबल 'चालू' वर अडकून राहतं. म्हणून 'चालू' ला वेळेची मर्यादा हवी, नेहमी चाळीस मिनिटं लागणारा जॉब दोन तास 'चालू' दिसला तर अलर्ट.

रीस्टार्टमध्ये दोन गोष्टी सांभाळा. जॉब परत सोडायच्या आधी स्टेटस 'चालू' करा, जुना 'फेल' किंवा त्याहून वाईट म्हणजे अर्धवट 'डन' तसाच ठेवू नका. आणि रीस्टार्ट कधीही थेट 'डन लिही' ह्या स्टेपपासून करू नका, तपासणीची स्टेप त्यात आलीच पाहिजे. थेट शेवटच्या स्टेपवर उडी मारली तर तपासणी त्या रनमध्ये चाललेलीच नसते, मग इफची अट खोटी ठरते, डन लिहिलं जात नाही, आणि पहाटे चारला डोळ्यावर झोप असताना माणूस इफच काढून टाकतो. इफ काढायचा नाही, एक स्टेप मागे जायचं.

आता सगळ्यात अवघड जागा. फोनवर मॅनेजर असतो, कटऑफला पंधरा मिनिटं असतात, आणि कुणीतरी म्हणतं "कंडिशन हाताने टाक रे, पुढचं जाऊ दे". हे कधीकधी बरोबरही असतं. पण हाताने टाकायची म्हणजे तपासणीची स्टेप जे बघणार होती ते तुम्ही स्वतःच्या डोळ्याने बघायचं, फाइल उघडायची, तारीख बघायची, मोजायचं, आणि कुणी सांगितलं, किती वाजता, काय बघून टाकली हे तिकिटात लिहायचं. नवीन आहात म्हणून दबाव येईल, तरी "सर, हेडर बघतो आणि टाकतो, दोन मिनिटं द्या" एवढं म्हणा. ती दोन मिनिटं आजवर मला कुणी नाकारलेली नाहीत.

९. सुट्ट्या आणि घड्याळ

मागचा जॉब सुट्टीला चालत नाही, पुढचा चालतो, म्हणजे पुढचा दिवसभर न येणाऱ्या चिठ्ठीची वाट बघणार. ह्यासाठीच ती पाचवी अवस्था, 'आज-गरज-नाही', सुट्टीच्या दिवशी एक डमी जॉब ती लिहितो. भारतातल्या बँकेची बॅच असेल तर २०१५ च्या सप्टेंबरपासून दुसरा आणि चौथा शनिवार बंद आहे, पहिला, तिसरा, पाचवा चालू. पाचवा शनिवार दर महिन्याला येत नाही, म्हणून कॅलेंडर लिहिणारे तोच विसरतात, पुढचा पाचवा शनिवार कधी ते आत्ताच बघून ठेवा.

परदेशी क्लायंट असेल तर त्यांचं कॅलेंडर चालतं, आपलं नाही. संक्रांतीला इथे गड्ड्याची जत्रा, नंदीध्वज निघालेले, सगळं घर बाहेर, आणि तिकडे मात्र साधा कामाचा दिवस असतो, बॅच वेळेवर येणार. पाळीची अदलाबदल आधीच करून घ्या.

घड्याळ पण बदलतं. लंडन मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे, अमेरिका मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. लंडनशी आपला फरक कधी साडेपाच तास तर कधी साडेचार. मागे जाताना एक तास दोनदा येतो, तेव्हा 'शेवटचं कधी बदललं' ह्या वेळेवरून कोण आधी कोण नंतर ठरवत असाल तर त्या रात्री फसाल. वेळ साठवायची तर जीएमटीतच साठवा.

१०. लावायच्या आधी मोडून बघा

टेस्टमध्ये सगळं सुरळीत चाललं ही टेस्ट झालीच नाही. ह्या गोष्टी मुद्दाम करून बघा: कालचा 'डन' ठेवून आजचा रन सोडा, रिकामी फाइल द्या, ट्रेलरमधला आकडा चुकवा, मोठ्या जॉबला मध्येच कॅन्सल करा, शेवटच्या स्टेपपासून रीस्टार्ट करा, मागचा जॉब सोडूच नका आणि अलर्ट किती वाजता येतो ते बघा. प्रत्येकाला पुढचा जॉब थांबला पाहिजे, आणि का थांबला ते स्क्रीनवरून कळलं पाहिजे. शेवटचं निम्मे लोक तपासत नाहीत.

मग रनबुक. प्रत्येक व्हेरिएबलसाठी चार ओळी, कुणीही पहाटे तीनला वाचून समजेल अशा. आमच्या त्या पोस्टिंगच्या व्हेरिएबलसमोर आता हे लिहिलेलं आहे, असंच्या असं घेतलंत तरी चालेल:

"अर्थ: आजच्या बिझनेस तारखेची व्यवहार फाइल तयार आहे आणि तपासलेली आहे. लिहिणारा: फक्त तपासणीच्या नंतरचा छोटा जॉब. रात्री साडेअकरापर्यंत आलं नाही तर एक्स्ट्रॅक्टच्या (व्यवहार काढणाऱ्या जॉबच्या) ऑन-कॉलला फोन. हाताने टाकायचं असेल तर आधी फाइल उघडून हेडरची तारीख आणि ट्रेलरचा आकडा तिकिटात लिहा, मगच टाका."